सगळ्या वायरी बरोबर होत्या

अर्धांगाच्या झटक्यानंतर नृसिंहराव कागलकरांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहत होता आणि बोलणं एकेका शब्दानं येत होतं. पाय वाचला होता. डोकंही वाचलंय, असं डॉक्टर म्हणाले. "माणसं ओळखतात, पेपर वाचतात, अजून काय पाहिजे? बोलणं येईल हळूहळू. शब्द चुकतील मधेमधे, पाण्याला पेपर म्हणतील, त्याचं मनावर घेऊ नका. आणि त्यांच्या आवडीचं काहीतरी ऐकवत जा."

आवडीचं म्हणजे गाणं. हे अवंतिकाबाईंना कुणी सांगायला नको होतं. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मागची खोली गाण्याची होती. नृसिंहरावांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण शाळेतून आले की ते त्या खोलीत असायचे. पेठेत कशाची ना कशाची मिरवणूक निघतेच, फुटबॉलचा सीझन असला की जिंकलेल्यांची हलगी वाजते. म्हणून ते हेडफोन लावून ऐकत. आणि हेडफोन लागायचा तो डबीला.

डबी हा अवंतिकाबाईंचा शब्द. तळहातावर मावेल असा काळ्या धातूचा ठोकळा, एका कडेला आवाजाचं चाक, मागंपुढं वायरी घालायची भोकं. नृसिंहराव तिला डॅक म्हणत. मोबाईलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये गाणं नसतंच, नुसते आकडे असतात; त्या आकड्यांचं परत गाणं करून, त्याला जोर देऊन कानाला पोचवायचं काम ही करते, असं त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. अवंतिकाबाई "असेल" म्हणून कुकर बंद करायला गेल्या होत्या. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. अवघड जायचं ते एवढंच, की जेवायला बोलवायला दारात जावं तर नवरा डोळे मिटून बसलेला असायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही असायचं, जे त्यांच्याकडं बघताना कधी नसायचं. त्या डबीचा त्यांना थोडा रागच होता.

आता ती त्यांनाच जोडायची होती.

पहिल्यांदा त्यांनी मोबाईल जोडला. मुलगी भैरवी बेंगळुरूला नोकरीला. ती अवंतिकाबाईंच्या फोनवर व्हिडिओ लावून बसली आणि अवंतिकाबाई नवऱ्याचा फोन घेऊन त्याच्या खुर्चीशेजारी बसल्या. वायर घातली, गाणं लावलं, आवाज नाही.

"आई, मागं दोन भोकं आहेत बघ. एकाशेजारी बॅटरीचं चित्र आहे?"

"आहे."

"तू त्याच्यात घातलीयस. ते नुसतं चार्जिंगचं. दुसऱ्यात घाल."

दुसऱ्यात घातली तरी डबी गप्पच. नृसिंहरावांनी डाव्या हातानं टेबलाचा खण दाखवला. त्यात वायरींचं भेंडोळं होतं. त्यांनी त्यातली एक आखूड वायर बोटानं वर काढली. आधीची वायर नुसती वीज नेणारी होती, ही गाणंही नेणारी. ती लावल्याबरोबर डबीवर निळा दिवा लागला आणि नृसिंहरावांनी अंगठा वर केला. घरी आल्यापासून त्यांनी आपणहून केलेली ती पहिली खूण. फोनमधून भैरवीनं टाळ्या वाजवल्या.

अवंतिकाबाईंनी हेडफोन त्यांच्या कानावर बसवला आणि त्यांच्या रोजच्या संध्याकाळच्या गाण्यांतलं पहिलं लावलं.

त्यांनी डोळे मिटले. मग कपाळाला आठी पडली. डोळे उघडले. दाढ दुखणाऱ्या माणसासारखा त्यांचा जबडा आवळला गेला, आणि डाव्या हातानं त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"भांडी," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"भांडी." त्यांनी कानाकडं बोट दाखवलं. "भांडी."

स्वयंपाकघरात शालूबाई भांडी घासत होत्या. अवंतिकाबाई आत गेल्या. "शालूबाई, उद्यापासून मागच्या गॅलरीत घासत जावा. सायबांना आवाजाचा त्रास व्हायलाय."

"मी काय आपटून घासती व्हय, वैनी?" शालूबाई म्हणाल्या. मग खोलीच्या दिशेनं बघून जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. न्हेते गॅलरीत."

दुसऱ्या दिवशी शालूबाई गॅलरीत उन्हात बसून भांडी घासत होत्या, मधलं दार लावलेलं होतं, तरी नृसिंहराव हेडफोन काढून तेच म्हणाले. अवंतिकाबाईंनी डॉक्टरांचं बोलणं आठवलं. सकाळी ते कंगव्याला चमचा म्हणाले होते. तसाच हा चुकलेला शब्द असणार. दुसरंच काहीतरी म्हणायचं असेल.

"कानाला टोचतंय का?" त्यांनी विचारलं. "आवाज मोठा होतोय? डोकं दुखतंय?"

प्रत्येक वेळी ते मान हलवून नाही म्हणाले. मग त्यांनी डबी उचलून डोळ्यांजवळ नेली, फिरवून बघितली आणि लॅपटॉपकडं बोट केलं.

बिघाड डबीत आहे, असं त्यांनाच वाटत होतं. निदान अवंतिकाबाईंची तशी समजूत झाली. शाळेतल्या पोरांना नकाशे काढायला लावणारा माणूस, तो एकेक गोष्ट तपासत चालला होता आणि त्याला स्वतःचा हात चालत नव्हता म्हणून बायकोचा हात वापरत होता. लॅपटॉपला डबी जोडली तर गाणं लॅपटॉपच्याच स्पीकरमधून वाजायला लागलं. मग कुठंतरी आत जाऊन आवाज कुठून काढायचा ते निवडायचं असतं, ते भैरवीनं सांगितलं. ते केलं. नृसिंहरावांनी हेडफोन लावला, काढला. डबीच्या कडेचं बारीक बटण नखानं सरकवायला सांगितलं, त्यानं आवाजाचा जोर कमी होत होता. परत लावला, परत काढला. हेडफोनची वायर बदलली. गाणं बदललं. गाणारीच्या जागी सतार लावली.

ते एकदाही चिडले नाहीत. हेडफोन काढला की पुढची वायर शोधायचे.

अवंतिकाबाईंनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघितला होता. त्यांना गाणं ऐकू येत होतं, नीटच वाटत होतं. पण आपल्याला काय कळतंय, असं त्यांनी धरलं. नवऱ्याच्या तयार कानाला बारीक फरक लगेच कळत असणार. कबूल करायला त्यांना लाज वाटली असती, पण ते दिवस त्यांना वाईट गेले नाहीत. त्या खोलीत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी काम होतं. दुपारी जेवणं झाली की दोघं डबी मधे ठेवून बसायचे. कुठली पिन कुठं जाते ते त्यांच्या बोटांना कळायला लागलं. सीडी प्लेयरची वायर तर त्यांना आवडलीच. तिच्या टोकातून लाल उजेड यायचा. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो आणि पलीकडं जाऊन त्याचं गाणं होतं. ती वायर लावून, डबीचं बटण दाबून तिला आता उजेडाकडून घ्यायला सांगितलं आणि दिवा पांढरा झाला तेव्हा त्यांनी नवऱ्याकडं कौतुकाच्या आशेनं बघितलं.

नृसिंहराव हेडफोन लावून पुष्कळ वेळ बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी हेडफोन काढला, आणि या वेळी पुढच्या कुठल्या वायरीकडं बोट केलं नाही.

"हंबीर," ते म्हणाले.

हंबीरराव कसबा बावड्यात राहत. साखर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला, घरची शेती आणि म्हशी असलेला माणूस. तरुणपणी एका मैफिलीत शेजारी बसले म्हणून नृसिंहरावांशी ओळख झाली, ती टिकली. दर रविवारी ते आपला हेडफोन पिशवीत घालून यायचे. डबीला पुढच्या बाजूला दोन भोकं होती, एक बारीक पिनचं, एक जाड पिनचं. दोघं त्यात आपापले हेडफोन घालून एकच गाणं ऐकायचे. दवाखान्यातही ते रोज आले होते.

निरोप मिळाल्यावर ते दुपारीच आले. येताना काकवीची बाटली आणली होती.

"बगू, काय झालंय तुमच्या डबीला," ते खुर्ची ओढत म्हणाले. "लावा वैनी. सीडीच लावा, मास्तरांच्या आवडीची ती सकाळच्या रागांची."

अवंतिकाबाईंनी सीडी लावली. दोघांनी हेडफोन घातले. हंबीररावांनी पहिल्यांदा तपासणाऱ्या माणसासारखं डोकं वाकडं केलं, डावा कान, उजवा कान दाबून बघितला.

"कायबी न्हाय हो," ते मोठ्यानं म्हणाले, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसं. "झकास वाजतंय की."

मग त्यांचे डोळे मिटले. बोटं मांडीवर चालायला लागली. कुठल्यातरी वळणावर त्यांनी हलकेच मान टाकली आणि "हां" म्हणाले, स्वतःशीच. ते आता या खोलीत नव्हते.

नृसिंहराव त्यांच्याकडं बघत होते. स्वतःच्या कानांवरही हेडफोन, त्याच डबीतून निघालेली वायर. ते हंबीररावांच्या बोटांकडं बघत होते, मग मानेकडं, मग परत चेहऱ्याकडं. थोड्या वेळानं त्यांनी हात लांब करून हंबीररावांच्या डोक्यावरचा हेडफोन ओढून काढला आणि आपला काढून तो लावला. ऐकलं. आपला हेडफोन त्यांनी हंबीररावांपुढं धरला. हंबीररावांनी तो गोंधळून कानाला लावला.

"ह्यातबी तसंच हाय, मास्तर. दोन्हीत झकास," ते म्हणाले. आणि मग त्यांनी मास्तरांचा चेहरा बघितला आणि हेडफोन हळूच काढला.

नृसिंहरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. डाव्या हातानं दोन्ही पिना डबीतून उपसल्या. सीडी प्लेयर चालूच होता, पण खोलीत काही ऐकू येत नव्हतं.

"वायर," ते म्हणाले. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला. "वायर बरोबर." त्यांनी बोट कपाळाच्या बाजूला टेकवलं. "इथं. इथं भांडी."

अवंतिकाबाई तिथंच टेबलाला धरून उभ्या राहिल्या. तो शब्द चुकलेला नव्हता. पहिल्या दिवसापासून ते बरोबर सांगत होते. गाणं लावलं की त्यांना भांडी आपटल्यासारखं ऐकू येत होतं, आणि आपण म्हाताऱ्या शालूबाईंना उन्हात बसवून आलो होतो.

डॉक्टरांनी तपासून त्याला एक इंग्रजी नाव सांगितलं. कान चांगले आहेत, बोलणं कळतं, दाराची बेल कळते. मेंदूच्या ज्या भागात आवाजाचा सूर होतो तेवढ्यालाच झटक्यानं धक्का बसलाय. परत येईल का, असं भैरवीनं विचारलं. ती रजा काढून आली होती. डॉक्टर म्हणाले, काहींचं येतं, काहींचं येत नाही. औषध असं नाही.

भैरवीचा त्यावर विश्वास बसला नाही. ती लहान असताना नृसिंहराव तिच्या उशाशी बसून तिच्या नावाचा राग गुणगुणायचे आणि ती त्यानं उठायची. घरी आल्यावर ती त्यांच्या खुर्चीपुढं खाली बसली, त्यांचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला आणि तेच सूर गुणगुणायला लागली. तिचा गळा बरा होता. नृसिंहराव तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ओठ हलताहेत, आवाज येतोय, पण पोरगी काय करतेय ते उमगत नाही, असं बघत राहिले. त्यांना कळलं होतं की हे काहीतरी आपल्या ओळखीचं असणार. त्यांनी खूप प्रयत्न केला. शेवटी त्यांनी डाव्या हातानं तिच्या गालावर थोपटलं, पुरे म्हणाल्यासारखं. भैरवी उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही. दोन दिवसांनी ती परत गेली.

त्यानंतर नृसिंहराव मागच्या खोलीत जाईनात. पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे. अवंतिकाबाईंनी डबी, वायरी सगळं खणात ठेवून दिलं. ज्या वस्तूचा आपण इतकी वर्षं राग केला ती गप्प झाल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. त्यांना घर ओकंओकं वाटायला लागलं. जेवायला बोलवायला त्या खोलीच्या दाराकडं पाय वळायचे आणि मधूनच परत फिरायचे.

रविवार आले आणि गेले, हंबीरराव फिरकले नाहीत. फोन केला तर म्हशीचं काहीतरी सांगायचे. शेवटी एका सकाळी अवंतिकाबाई रिक्षा करून बावड्याला गेल्या. हंबीरराव गोठ्यात होते. वहिनींना बघून त्यांनी घाईघाईनं हात धुतले, कट्ट्यावर पोतं अंथरलं.

"म्हस बरी आहे का?" अवंतिकाबाईंनी विचारलं.

हंबीरराव खाली बघत राहिले. "म्हशीला काय झालंय," ते म्हणाले. "मला त्या खोलीत याची लाज वाटती, वैनी. त्या दिशी मी डोलत हुतो. त्यो माज्याकडं बगत हुता आन मी डोलत हुतो."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"न्हवतंच. तरीबी. आता घरातबी काय लावत न्हाई मी. लावलं की त्येचं तोंड दिसतंय."

"ते तुमची वाट बघतात. बोलत नाहीत, पण रविवारी शर्ट बदलून बसतात."

हंबीररावांनी म्हशीपुढं वैरण सारली. म्हशीनं शेपटी झाडली. "बोलणं समजतंय न्हवं त्यास्नी?" त्यांनी विचारलं. "माणसाचं बोलणं?"

"सगळं समजतं."

पुढच्या रविवारी हंबीरराव आले ते जुना टेपरेकॉर्डर काखेत घेऊन. पिशवीत कॅसेटी होत्या. तरुणपणी हे दोघं आणि तबला वाजवणारा त्यांचा मित्र गुंडू, कुणाच्याही माडीवर बैठक असली की टेप घेऊन जायचे. गुंडू जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

अवंतिकाबाईंनी डबी काढली. टेपची वायर वेगळीच निघाली, एका टोकाला लाल आणि पांढरी अशा दोन पिना, दुसऱ्या टोकाला एक. ह्यात आकडे नाहीत, उजेड नाही. टेपमधला आवाज थेट येतो, डबी त्याला नुसता जोर देते. कुठं घालायची ते त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. नृसिंहराव दारात उभे राहून बघत होते. हंबीररावांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. "गानं न्हाय लावत, मास्तर," ते म्हणाले. "गान्याच्या आदीचं लावतो."

दोघांनी हेडफोन घातले. टेप खरखरली. मग माणसांचा गलका, सतरंजी ओढल्याचा आवाज, कुणीतरी चहा मागितला. आणि अगदी कानाजवळ गुंडूचा आवाज आला: "हंबीर, चालू केलाईस का नुसता बगत बसलाईस?" तरुण हंबीररावांनी उत्तर दिलं, "चालू हाय. तू पान थुकून ये आदी." आणि त्यांच्यामागून तरुण नृसिंहरावांचा मास्तरी आवाज: "दोघंही गप्प बसा. सगळं टेप होतंय."

नृसिंहराव हसले. तोंड एका बाजूला वाकडं होऊन हसले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलं नाही. "गुंडू," ते म्हणाले. "गुंडू... पान." हंबीररावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

टेपमध्ये हातोडीनं तबला ठोकल्याचे आवाज आले, लोक शांत झाले, आणि तंबोरा सुरू झाला. नृसिंहरावांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हेडफोन काढला. हंबीररावांनी लगेच टेप बंद केली.

"लाव," नृसिंहराव म्हणाले.

"नगं, मास्तर."

"लाव. तू ऐक." मग त्यांनी आपला हेडफोन अवंतिकाबाईंपुढं धरला. "तू पण."

त्यांनी तो घेतला. अजून ऊब होती त्याला. टेप परत सुरू झाली. गाणारा कोण होता त्यांना माहीत नव्हतं. हंबीररावांनी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला, मग ते मिटलेच. अवंतिकाबाईंनी मिटले नाहीत. त्या नवऱ्याकडं बघत ऐकत होत्या. नृसिंहराव त्यांच्याकडं बघत होते.

कॅसेटची बाजू संपली तेव्हा ते म्हणाले, "कसं?"

अवंतिकाबाईंना 'छान' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते वाट बघत होते. "तो आधी एकाच ठिकाणी घुटमळत होता," त्या म्हणाल्या. "खूप वेळ. मला वाटलं आता पुढं जाणारच नाही."

"मग?"

"मग एक पायरी वर गेला आणि परत खाली आला, काहीतरी विसरल्यासारखा. असं दोनचारदा केलं. आणि मग एकदम वर जाऊन तिथंच उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला."

"मग?"

"मग लोक वा म्हणाले. गुंडूभावजींचा तबला सुरू झाला."

हंबीरराव उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते. नृसिंहराव मान पुढं काढून ऐकत होते. कॅसेटच्या कव्हरवर नृसिंहरावांच्याच अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. अवंतिकाबाईंनी ते वाचून रागाचं नाव सांगितलं. "आठवतं का हे?"

"नाव आठवतं," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं पुढचा शब्द आला. "गाणं नाही. मनात पण नाही."

अवंतिकाबाईंनी त्यांचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

नृसिंहरावांचं बोलणं पुढं बरंच सुधारलं. हातात थोडी हालचाल आली. सूर परत आले नाहीत. रविवारी हंबीरराव कॅसेटी घेऊन येतात. पहिला भाग तिघं मिळून ऐकतात, म्हणजे दोन हेडफोन तिघांत फिरतात: खोकणं, ठोकणं, गेलेल्या माणसांच्या थट्टा. तंबोरा लागला की नृसिंहराव हेडफोन बायकोला देतात. त्या आता डोळे मिटूनही ऐकतात. कधीकधी गाण्यात त्या इतक्या बुडतात की नवरा समोर बसलाय हे विसरून जातात, आणि डोळे उघडले की त्यांना चोरी केल्यासारखं होतं. नृसिंहराव खुर्ची जवळ ओढून बसलेले असतात. अवंतिकाबाई हेडफोन काढतात, केस सारखे करतात आणि सांगायला लागतात.